आठवीतल्या मुलीचं पाच मिनिटांचं भाषण, विषय हळदीचं पेव: काय दाखवावं, किती दाखवावं?

संगमकाठ

नमस्कार मंडळी. लेक आठवीत आहे, शाळा सांगलीत. वर्गातल्या प्रत्येकानं 'आपल्या गावातली एक गोष्ट' या विषयावर पाच मिनिटं बोलायचं आणि सोबत काहीतरी दाखवायचं आहे. तक्ता, वस्तू, प्रतिकृती, पीपीटी, काहीही चालेल. आम्ही हरिपूरचे. तिनं आपणहून हळदीचं पेव हा विषय निवडला याचा मला फार आनंद आहे, कारण आजोबांच्या तोंडून ती हे लहानपणापासून ऐकते.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. पेव म्हणजे हळद साठवायचं जमिनीतलं कोठार. वर माणूस उतरेल एवढंच तोंड, आत मात्र ऐसपैस पोट. आतून पाला-चटया लावून हळद भरतात आणि तोंड मातीनं बंद करतात. हरिपूरची माती अशी की हळद वर्षानुवर्षं टिकते, कीड लागत नाही. तोंड उघडल्यावर लगेच कुणी आत उतरत नाही, कारण आतली हवा कोंडलेली असते.

आता अडचण. तिनं पीपीटी केली आहे, पंधरा स्लाइडची. प्रत्येक स्लाइडवर परिच्छेदच्या परिच्छेद. बोलायला उभी राहिली की भिंतीकडे तोंड करून वाचायला लागते. तेच पाठ केलेलं घरात आजोबांना सांगते तेव्हा हात हलवून, डोळे मोठे करून इतकं छान सांगते की ऐकत राहावं.

मला मनापासून वाटतं की जे शब्दांत मावत नाही तेवढंच दाखवावं, बाकीचं सांगावं. पण हे मुलीला पटेल अशा भाषेत कसं समजवायचं? आणि वर्गात प्रोजेक्टर कधी चालतो कधी नाही, तेव्हा तक्ता बरा की वस्तू? तुमच्या मुलांनी, विद्यार्थ्यांनी काय केलं ते सविस्तर लिहा.

लई_भारी_तासगाव

पाच मिनिटांत पंधरा स्लाइड म्हणजे वीस सेकंदाला एक. ताई, एवढ्या वेगानं आमच्याकडं सौद्यात बेदाणासुद्धा जात न्हाई!

विषय मात्र लई भारी निवडलाय पोरीनं. तिला शाबासकी सांगा.

खडूफळा

ताई, मी वाळवा तालुक्यात माध्यमिक शाळेत शिकवतो. हा उपक्रम आम्ही दरवर्षी घेतो, म्हणून जरा लांबण लावतो.

आधी पीपीटी बंद करा आणि भाषण कागदावर घ्या. आमची मुलं मिनिटाला साधारण शंभर शब्द बोलतात. म्हणजे पाच मिनिटांत पाचशे. पण जागेवरून उठून पुढे येणं, तक्ता लावणं, शेवटी एखादा प्रश्न, यात मिनिटभर सहज जातं. चारशे शब्दांचं भाषण हवं. तुमच्या लेकीच्या स्लाइडवर याच्या तिप्पट मजकूर असणार याची मला खात्री आहे.

मग तिला एकच विचारा: तुझ्या बाकावरची मैत्रीण घरी जाऊन आईला एकच वाक्य सांगणार असेल, तर ते कोणतं असावं? ते वाक्य वहीच्या वरच्या बाजूला मोठ्या अक्षरात लिहू द्या. पेवाच्या बाबतीत ते 'हरिपूरला जमिनीखाली खड्ड्यात हळद ठेवतात आणि ती वर्षानुवर्षं खराब होत नाही' असं काहीतरी असेल. त्या वाक्याला ज्याचा उपयोग नाही ते सगळं काढून टाकायचं. सांगली जिल्ह्यात हळदीचं क्षेत्र किती, हळदीचे औषधी गुण कोणते, हे सगळं बाहेर. मुलं रडकुंडीला येतात इथं, कारण शोधलेली माहिती टाकवत नाही. टाकायला शिकणं हाच या उपक्रमातला मोठा धडा आहे असं मला वाटतं.

उरलेलं भाषण तिनं तुम्हाला वाचून दाखवायचं. जिथं जिथं तुमच्या मनात 'म्हणजे कसं?' असा प्रश्न येईल तिथं पेन्सिलीनं फुली मारा. तिथंच चित्र हवं, दुसरीकडे कुठंही नको. पेवाच्या भाषणात दोन, फार तर तीन फुल्या पडतील. आकार कसा, आत उतरतात कसे, आणि पुराचं पाणी आत कसं जातं.

सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं, हे तोंडानं सांगायचं. त्याला स्लाइड नको. प्रमाणपत्राचा फोटो दाखवून कुणालाच काही समजत नाही.

वक्ता_कराड

खडूफळा सरांबद्दल पूर्ण आदर ठेवून माझं मत वेगळं आहे.

भाषणाला चित्र लागतंच कशाला? आपल्या भागानं केवढे वक्ते दिले. क्रांतिसिंह नाना पाटील येडेमच्छिंद्रचे. गावोगावच्या मैदानात हजारो माणसं त्यांच्या रांगड्या बोलीवर खिळून बसायची. यशवंतराव चव्हाणांचा जन्म देवराष्ट्र्याचा, कर्मभूमी कराड. शब्द कसा तोलून वापरायचा हे त्यांच्याकडून शिकावं. त्यांच्या हातात कुठला तक्ता होता?

मी वक्तृत्व स्पर्धांचं परीक्षण करतो. अलीकडे मुलं शब्दानं चित्र उभं करायचा प्रयत्नच करत नाहीत, कारण मागे चित्र लावलेलं असतं. 'अंधारात शिडीवरून उतरताना आधी नाकाला वास येतो' हे वाक्य कुठल्याही फोटोपेक्षा जास्त काम करतं. मुलीला भाषण पाठ करू द्या, आवाजाचे चढउतार बसवा, नजर कुठं ठेवायची ते शिकवा. तक्ता हे पायातलं लोढणं आहे.

मिरजेची_तार

वक्ता_कराड दादा, ते वासाचं वाक्य फारच सुंदर आहे. ताई, लेकीच्या भाषणात घ्याच.

खडूफळा

@वक्ता_कराड, तुमचा मुद्दा मी मोडीत काढत नाही. पण सभा आणि वर्ग यांत फरक आहे. नाना पाटील ज्यांच्याशी बोलत होते त्यांना सारा, सावकार, पाटीलकी सगळं अंगावर घेतलेलं माहीत होतं. त्यांना चित्राची गरज नव्हती, त्यांचं जगणंच समोर होतं. इथं सांगली शहरात, विश्रामबागेत वाढलेल्या मुलानं पेव जन्मात पाहिलेलं नाही. 'तोंड अरुंद, पोट मोठं' असं तुम्ही कितीही ओघवत्या भाषेत सांगा, दहा मुलांच्या डोक्यात दहा वेगळ्या आकृती तयार होतील. कुणाला विहीर दिसेल, कुणाला तळघर. एक रेषाचित्र हा घोळ क्षणात संपवतं आणि मग तुमचं वासाचं वाक्य त्यावर नीट बसतं.

आयर्विनवाला

आणि सांगली तर दाखवणाऱ्यांचं गाव! १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी 'सीता स्वयंवर' इथंच रंगवलं. नुसतं सांगून भागलं असतं तर नाटक कशाला केलं असतं :)

असो. माझ्या पुतण्याच्या वर्गातला एक प्रसंग सांगतो. एका मुलाचा विषय होता कृष्णेचा महापूर. आयर्विन पुलाजवळ पाण्याची पातळी मोजतात, चाळीस फुटांना इशारा आणि पंचेचाळीसला धोका, हे सांगलीत शाळकरी पोरालाही माहीत असतं. २०१९ ला पाणी सत्तावन्न फुटांच्या वर गेलं होतं. आकडे सगळ्यांनी ऐकलेले, पण आकड्यानं काय कळणार?

तो मुलगा सुताची दोरी घेऊन आला. चाळीसवर पिवळी चिंधी, पंचेचाळीसवर लाल, शेवटी सत्तावन्नवर काळी. एक टोक मित्राच्या हातात फळ्यापाशी दिलं आणि बोलत बोलत मागे चालत गेला. वर्ग संपला, दोरी संपेना. दारातून बाहेर, व्हरांड्यातून पार ऑफिसपर्यंत. पिवळी चिंधीसुद्धा व्हरांड्यातच आली. तिथून ओरडून म्हणाला, "ही दोरी उभी करा!" सगळी पोरं दाराशी. २०१९ ला ज्यांची घरं पाण्यात होती ती पोरंसुद्धा वर बघायला लागली.

खर्च काही नाही. वीज नको, प्रोजेक्टर नको.

संगमकाठ

आयर्विनवाला, अंगावर काटा आला वाचून. आमच्याकडे २००५ च्या महापुरात पेवांमध्ये पाणी शिरून हळदीची फार नासाडी झाली होती. सासरे त्याबद्दल बोलतात तेव्हा आवाज बदलतो. हे पाच मिनिटांत यावं असं मला वाटतं, पण दोरीसारखं काही सुचत नाही.

@वक्ता_कराड, वास घेतला आहे हं भाषणात. धन्यवाद.

शेवटचा_बाक

मी सध्या अकरावीला, साताऱ्यात. माझी उंची जास्त म्हणून पहिलीपासून शेवटच्या बाकावर. तिथून काय दिसतं ते सांगतो, कारण भाषण करणारे पहिल्या बाकाकडे बघून तयारी करतात.

तक्त्याचा खालचा भाग आम्हाला कधीच दिसत नाही. पुढच्यांची डोकी येतात. त्यामुळे महत्त्वाचं चित्र वरच्या अर्ध्यात हवं आणि तक्ता छातीशी धरायचा नाही, डोक्याच्या उंचीवर धरायचा किंवा फळ्याच्या वरच्या खिळ्याला लावायचा. धरायला दोन मैत्रिणी घ्याव्यात. बोलणाऱ्यानं स्वतः धरला की हात थरथरतात आणि तक्ता फडफडतो.

अक्षर किमान दोन अडीच इंच उंच हवं. स्केचपेनची जाडी पुरत नाही, मार्कर किंवा ब्रश लागतो. आणि हा विषय हळदीचा आहे म्हणून खास सांगतो: पांढऱ्या कार्डशीटवर पिवळा रंग मागून अजिबात दिसत नाही! हळद पिवळी रंगवाल आणि आम्हाला कोरा कागद दिसेल. कडेला काळी जाड रेघ मारा, किंवा पेवाची माती गडद तपकिरी रंगवा, म्हणजे आतला पिवळा उठून येईल.

लॅमिनेशन करू नका. खिडकीचा उजेड चमकतो.

पीडीएफवाली

सांगलीची, आता पुण्यात. संगणकाचं काम करते, म्हणून पीपीटीच्या बाजूनं थोडं बोलते. पीपीटी वाईट नाही, पण तिची काळजी घ्यावी लागते.

मराठी पीपीटीचा सगळ्यात मोठा घात फॉन्टमध्ये होतो. घरी जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलेलं असतं. शाळेच्या संगणकावर तो फॉन्ट नसतो आणि पडद्यावर 'हळद'च्या जागी भलतीच इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं येतात. बिचारं मूल तिथंच गळपटतं. त्यामुळे युनिकोडमध्येच टाइप करायचं. निर्मला चालेल, तो हल्लीच्या विंडोजमध्ये असतोच. झालं की त्याची पीडीएफ करून ठेवायची. पीडीएफमध्ये फॉन्ट सोबत जातो, जोडाक्षरं तुटत नाहीत. पीपीटी आणि पीडीएफ दोन्ही पेनड्राइव्हवर ठेवा आणि आदल्या दिवशी त्याच संगणकावर, त्याच पडद्यावर उघडून बघा. लॅपटॉप घरून नेणार असाल तर प्रोजेक्टरची वायर त्याला बसते का तेही बघा. जुन्या प्रोजेक्टरची पिन नव्या लॅपटॉपला बसत नाही.

वर्गात पडदे नसतील तर काळी पार्श्वभूमी घेऊ नका, उजेडात काहीच दिसत नाही. पांढऱ्यावर काळं.

आणि एक युक्ती: ज्या वेळी चित्राचं काम नाही तिथं कोरी स्लाइड ठेवायची. किंवा स्लाइड शो चालू असताना कीबोर्डवरचं बी दाबलं की पडदा काळा होतो, परत दाबलं की चित्र येतं. पडदा काळा झाला की वर्ग आपोआप मुलीकडे बघतो.

कुडाळहून_सांगलीत

पीडीएफवालींची काळ्या पडद्याची युक्ती वाचली आणि आमच्याकडचे चित्रकथी आठवले. नोकरीमुळे सांगलीत आहे, मूळ कुडाळजवळचा. आमच्या पिंगुळीत ठाकर समाजाची चित्रकथीची परंपरा आहे. रामायण-महाभारतातल्या प्रसंगांची कागदावर काढलेली चित्रं, एका कथेची एक पोथी. वाद्यांच्या साथीनं गात, सांगत एकेक चित्र पुढे लावतात. लक्षात घ्या, एका वेळी एकच. त्या चित्रातला प्रसंग संपला की ते मागे जातं, पुढचं येतं. पुढे काय आहे ते ऐकणाऱ्याला दिसत नाही, म्हणून तो सरकत पुढे येऊन बसतो. पिंगुळीचे परशुराम गंगावणे यांना याच कामासाठी २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. कधी गेलात तर त्यांचं संग्रहालय जरूर बघा.

तक्त्यावर सगळं एकदम चिकटवलं की पोरं तक्ता वाचून मोकळी होतात, मग बोलणाऱ्याकडे कोण बघणार? चार छोटे तक्ते करा, एकावर एक ठेवा, उलटत जा.

औंधकर

वा! विषय निघालाच आहे तर थोडं विषयांतर. दिवा आणि काचेवरची चित्रं वापरून पडद्यावर हलती चित्रं दाखवत गोष्ट सांगायची 'शांबरिक खरोलिका' कल्याणच्या पटवर्धनांनी १८९२ च्या सुमारास सुरू केली. म्हणजे स्लाइड दाखवत मराठीत गोष्ट सांगणं सिनेमाच्याही आधीचं आहे.

आणि आमच्या औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार होते आणि कीर्तनही उत्तम करायचे. चित्र आणि शब्द दोन्ही एका माणसात. त्यांनी १९३८ मध्ये उभं केलेलं श्री भवानी संग्रहालय आठवी-नववीच्या मुलांना दाखवाच. एका चित्रासमोर पाच मिनिटं उभं राहून काय दिसतं ते बोलायचं, एवढा सराव केला तरी या भाषणाची निम्मी तयारी होते.

मिरजेची_तार

वस्तू नेण्याबद्दल लिहिते. माझ्या भाचीनं तंबोरा या विषयावर बोलताना भोपळा नेला होता. मिरजेत तंतुवाद्यं करतात हे सगळ्यांना माहीत, पण तो भोपळा पंढरपूर भागातून येतो आणि खरोखरचा भोपळा असतो हे किती जणांना ठाऊक असतं? तिनं तो टेबलावर टॉवेलखाली झाकून ठेवला होता. अर्धं भाषण झाल्यावर टॉवेल काढला. वर्गात एकदम 'ओऽऽ' झालं. मग त्यावर टिचकी मारून आवाज ऐकवला आणि परत झाकला.

वस्तू वर्गात फिरवायची असेल तर भाषण संपल्यावर. बोलताना फिरवली की जिथं वस्तू तिथं गडबड, आणि ती ज्या बाकावर गेली नाही तिथं कुजबुज. हळकुंडांच्या बाबतीत तर नक्कीच, कारण मुलं वास घेणार, एकमेकांच्या गालाला लावणार, हळदीसमारंभच सुरू होणार!

पाटणचा_पाऊस

मोठे आकडे असतील तर चित्राशिवाय पर्याय नाही, याला माझा पाठिंबा. आमच्या कोयना धरणाची साठवण १०५ टीएमसीच्या घरात. बातम्यांत रोज ऐकतो. एक टीएमसी म्हणजे सुमारे २,८३१ कोटी लिटर. हे फळ्यावर लिहिलं तर शून्यं मोजण्यातच वेळ जातो. माझ्या मुलानं एक टँकर काढला, दहा हजार लिटरचा, जो उन्हाळ्यात माण-खटावला येतो तसा. खाली लिहिलं, 'असे २८ लाख'. मग म्हणाला, "हा झाला एक टीएमसी. धरणात असे शंभरावर आहेत." एवढंच. बाईंनी फार कौतुक केलं.

वक्ता_कराड

दोरी आणि टँकर दोन्ही वाचले. ही साधनं शब्दाच्या आड येत नाहीत, शब्दालाच पुढे नेतात, हे मान्य करतो. माझा विरोध भिंतीकडे तोंड करून वाचण्याला आहे, आणि त्यावर मी ठाम आहे.

पण पाठांतराबद्दल कुणीच बोललं नाही. सगळं भाषण पाठ हवंच. पाठ नसेल तर मूल अडखळतं.

माईआजी_वाई

मी निवृत्त शिक्षिका, प्राथमिकला आयुष्य गेलं. पाठांतरावर दोन शब्द लिहिते.

बाळांनो, शब्दन् शब्द पाठ केलेलं भाषण एक शब्द निसटला की अख्खं निसटतं. मूल परत पहिल्यापासून 'सन्माननीय व्यासपीठ' म्हणायला लागतं. मी मुलांना पहिली दोन वाक्यं आणि शेवटची दोन वाक्यं पाठ करायला लावायची. मधल्या भागाचे टप्पे फक्त. पोस्टकार्डाएवढ्या पुठ्ठ्यावर एकेक शब्द, मोठ्या अक्षरात: तोंड, पोट, पाला, हवा, पूर. एवढ्यावर तुमची लेक चार मिनिटं बोलेल, कारण तिला तो विषय घरातून माहीत आहे. ताईंनीच लिहिलंय की आजोबांना सांगताना ती हात हलवून सांगते. ते सांगणं जपा. त्यावर स्पर्धेचं भाषण चढवू नका.

बोलीबद्दलही सांगते. घरी ज्या शब्दात सांगते त्याच शब्दात वर्गात सांगू दे. आजोबा 'पेव लिंपत्यात' म्हणत असतील तर तेच वाक्य आजोबांचं म्हणून जसंच्या तसं म्हणू दे. 'तद्नंतर मुखभाग मृत्तिकेने आच्छादित केला जातो' असलं काही लिहून दिलं की मुलाचा आवाज बदलतो, मान ताठ होते आणि समोरची मुलं ऐकणं सोडून देतात. मी हे वर्गावर्गात पाहिलं आहे आणि मला त्याचं फार वाईट वाटत आलं आहे. मुलाची स्वतःची भाषा पहिल्यांदा चारचौघांत उभी राहते ती अशाच भाषणात. तिथंच ती दुरुस्त करायला जाऊ नये.

सराव आरशासमोर नको. आरशात मूल स्वतःला बघतं. कुणीतरी खरंखुरं ऐकणारं हवं, मग ते शेजारचं पाचवीतलं पोरगं का असेना. त्याला मध्येच 'म्हणजे?' विचारायची पूर्ण मुभा द्यायची.

लई_भारी_तासगाव

माईआज्जी, आमच्या वेळी तुमच्यासारख्या बाई पायजे हुत्या बघा. टिळकांचं भाषण करताना शेंगांच्या टरफलांपाशी अडकलो ते अडकलोच, अजून पोरं टरफल्या म्हणत्यात!

खडूफळा

माईंच्या पोस्टनंतर मला जे सुचवायचं होतं ते सोपं झालं. ताई, पीपीटी आणि तक्ता दोन्ही सोडून द्या आणि लेकीला फळ्यावर काढू द्या.

पेव ही आकृती फळ्यासाठीच आहे. आधी एक आडवी रेघ, ही जमीन. मध्ये छोटी फट, हे तोंड. मग फटीच्या दोन्ही बाजूंनी खाली फुगत जाणारी रेघ, हे पोट. आत उतरणारी शिडी आणि एक काडीचा माणूस, म्हणजे खोली किती ते लगेच कळतं. पिवळ्या खडूनं हळद. काळ्या-हिरव्या फळ्यावर पिवळा खडू झकास दिसतो, म्हणजे शेवटचा_बाक यांची अडचणही सुटली. आकृती बोलण्याबरोबर वाढत जाते, त्यामुळे चित्रकथीसारखं 'पुढे काय' हे टिकून राहतं. आणि पुराचा भाग आला की निळा खडू आडवा धरून जमिनीच्या रेघेच्या वर पाणी काढायचं आणि ते तोंडातून आत ओढायचं. पिवळ्यावर निळा फिरला की नासाडी म्हणजे काय ते सांगावं लागणार नाही.

काळजी एकच. काढताना बोलायचं नाही. काढायचं, थांबायचं, वर्गाकडे वळायचं, मग बोलायचं. फळ्याकडे तोंड करून बोललेलं कुणाला ऐकू जात नाही. शाळा सुटल्यावर वर्गशिक्षिकेची परवानगी घेऊन रिकाम्या फळ्यावर सराव करा. घरच्या पाटीवर हाताचा अंदाज येत नाही. खडू आदल्या दिवशी मोडून अर्धे करा, नवा लांब खडू करकरतो.

पीडीएफवाली

सर, हरले मी. निळ्या खडूपुढे कुठलंही ॲनिमेशन नको.

शेवटचा_बाक

फळ्याच्या वरच्या अर्ध्यात काढा एवढं मात्र सांगा. पोट खाली जाणार म्हणजे जमिनीची रेघ खूप वर हवी. आणि पाणी काढायला रेघेच्या वर वीतभर जागा सोडा.

संगमकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. लेकीला हा सगळा धागा वाचायला दिला. पीपीटी तिनंच बाजूला ठेवली. पोस्टकार्डाचे पुठ्ठे झाले. सासऱ्यांबरोबर जाऊन एका ओळखीच्या घरचं पेव वरून बघून आली, आत उतरू दिलं नाही अर्थातच. खोली किती, तोंड केवढं, ते तिथल्या माणसांना विचारून वहीत लिहून आणलं. काडीचा माणूस त्या मापानं काढणार आहे.

सासरे काल पोस्ट ऐकत होते. 'पाणी नुसतं तोंडातनं येत न्हाई, मातीतनंबी पाझरतंय, पोरीला सांग,' म्हणाले. तेव्हा निळा खडू आता बाजूनंही आत येणार!

एक अडचण राहिली. शेवटी वर्ग प्रश्न विचारणार. तिला त्याचीच धास्ती आहे.

आयर्विनवाला

पेवाच्या भाषणावर प्रश्नांचं पेव फुटणारच :)

माईआजी_वाई

धास्ती कशाला? मुलं काय विचारतील ते आत्ताच ठरवता येतं. आत अंधार असतो का? साप असतो का? पडलं तर? अजून वापरतात का? किती पोती मावतात? आजोबांना हे पाच प्रश्न विचारून उत्तरं घेऊन ठेवू दे. सहावा कुणी विचारला आणि येत नसेल तर 'आजोबांना विचारून उद्या सांगते' म्हणायचं आणि दुसऱ्या दिवशी खरंच सांगायचं. माझ्या वर्गात असं दुसऱ्या दिवशी उत्तर घेऊन येणाऱ्या मुलाला मी मुद्दाम पुढं बोलवायची.

वक्ता_कराड

आणि सुरुवात 'सन्माननीय'नं न करता थेट त्या वासाच्या वाक्यानं करू दे. हे माझ्या तोंडून येतंय म्हणजे बघा! फक्त ते वाक्य म्हणण्याआधी तिनं वर्गाकडे बघून दोन श्वास थांबायला हवं. शांतता झाल्याशिवाय पहिला शब्द उच्चारायचा नाही. हे मात्र स्पर्धेतून शिकलेलं आहे आणि सगळीकडे चालतं.

संगमकाठ

दोन श्वास, नोंद केली होती दादा.

झालं भाषण आज! थोडक्यात लिहिते. फळ्यावर जमिनीची रेघ काढली तेव्हा मागून कुणीतरी 'विहीर!' म्हणालं. पोट काढल्यावर 'नाही नाही, घागर!' म्हणाले. तिला ते इतकं आवडलं की तीही हसली आणि भीती गेली म्हणे. निळ्या खडूला वर्ग गप्प झाला, असं बाईंनी मला फोनवर सांगितलं. हळकुंडं शेवटी फिरवली. साप असतो का हा पहिलाच प्रश्न आला, माईआजी! पोत्यांचा आकडा तिला सांगता आला. 'ही माती दुसरीकडे नेऊन पेव केलं तर चालेल का?' हा प्रश्न मात्र अडला. उद्या सांगते म्हणाली आहे. घरी आल्यापासून आजोबांच्या मागे लागली आहे आणि त्यांनाही पक्कं उत्तर देता येत नाहीये. मातीबद्दल इथं कुणी जाणकार असेल तर लिहा, तिला सकाळी सांगायचं आहे.

खडूफळा

अभिनंदन लेकीचं! मातीचा प्रश्न विचारणाऱ्या मुलाचंही.

मी उद्या आमच्या विज्ञानाच्या सरांना विचारतो. तोवर तिला एक प्रयोग सुचवतो. हरिपूरची माती आणि शाळेच्या मैदानातली माती दोन काचेच्या ग्लासांत सारखी भरायची, दाबायची, वर सारखं पाणी ओतायचं आणि कुठल्या मातीतून किती वेळात खाली जातं ते घड्याळ लावून बघायचं. पूर्ण उत्तर मिळणार नाही, पण सकाळी वर्गात सांगायला काहीतरी स्वतः पाहिलेलं असेल. ग्लास बरोबर न्यायला सांगा, मागच्या बाकालाही दिसतील असे मोठे.